नेलपॉलिशचे तीन ठिपके

आमच्या भाईंदर पश्चिमेच्या मंडळाचा दिवाळी अंक निघतो. त्याच्या संपादकबाई आमच्याच बिल्डिंगमध्ये दुसऱ्या मजल्यावर राहतात. कामाच्या आठवणी लिहा म्हणून त्यांनी गणपतीपासून माझ्यामागे लकडा लावला होता. मी म्हटलं, बाई, मी डिझेल मेकॅनिक, माझ्या आठवणींना रॉकेलचा वास येईल. त्या म्हणाल्या, येऊ द्या, बाकीच्या लेखांना कसलाच वास नाही. तेव्हा वाचून कुणाला वैताग आला तर त्याने दुसऱ्या मजल्यावर जाऊन भांडावं.

मी मूळचा रत्नागिरीकडचा. कुठे लागलो, कधी सोडलं, पुढे काय झालं हे सांगत बसत नाही, त्यात काही राम नाही. माझी गिऱ्हाइकं दोन प्रकारची. एक, उत्तन-पालीकडच्या मासेमारीच्या बोटी, आणि दुसरं, मीरा रोडच्या बिल्डिंगांमधले जनरेटर. एक पाण्यावर, एक तळघरात, पण आतून इंजिन तेच. बोटीवर मला ‘मेस्त्री’ म्हणायचे आणि सोसायटीत ‘वो जनरेटरवाला’. मला काय आवडायचं ते सांगायला नको.

ज्यांचा या धंद्याशी संबंध नाही त्यांच्यासाठी एवढंच सांगतो. डिझेल इंजिनाला डिझेल लागतं आणि हवा लागते, पण दोघांची गाठ फक्त सिलिंडरच्या आत पडली पाहिजे. डिझेलच्या नळीतच हवा शिरली तर इंजिन आचके देतं आणि मरतं. भोक पडलेल्या स्ट्रॉने शहाळं पिऊन बघा, म्हणजे कळेल. मग ती हवा काढावी लागते. नळीच्या वाटेवर छोटे स्क्रू असतात. ते एकामागून एक सैल करायचे, हातपंप मारायचा, आधी फेस येतो, फेस संपून निव्वळ डिझेल आलं की स्क्रू आवळायचा. दहा मिनिटांचं काम आहे. आणि ते मी आयुष्यभर गिऱ्हाइकाकडे पाठ करून केलं.

खोटं कशाला बोलू? माझ्या उस्तादांनीच तसं शिकवलं होतं. ते म्हणायचे, गिऱ्हाइकाला इंजिन चालू झालेलं दाखव, कसं झालं ते दाखवू नकोस. वर मी त्याला तत्त्वज्ञान जोडलं होतं. ज्याचं काम त्याने करावं. माझ्या स्वतःच्या मोरीतला नळ गळायला लागला तर मी प्लंबर बोलावतो आणि आमची ही हसते. हसू दे.

त्यात पेणकरपाड्याच्या एका सोसायटीच्या चेअरमनसाहेबांनी माझं मत पार पक्कं करून टाकलं. साहेब रिटायर्ड, वेळ भरपूर, आणि मोबाइलवर जगातल्या प्रत्येक यंत्राचा व्हिडिओ. मी जनरेटर उघडला की फोन माझ्या नाकासमोर धरून म्हणायचे, “मिस्त्री, इसमें तो ये पहले खोलते हैं!” एकदा त्यांनी मी नसताना पंपावरचं सील तोडून एक स्क्रू पिळला. सील असतं कशाला, तर तो स्क्रू कुणी पिळू नये म्हणून. संध्याकाळी लाइट गेली, जनरेटर लागला आणि काळा धूर असा निघाला की चौथ्या मजल्यापर्यंत वाळत घातलेल्या चादरी राखाडी झाल्या. बायका खाली उतरल्या. साहेब मला म्हणाले, “मैंने तो बस आधा राउंड घुमाया था.” त्या दिवसापासून शिकायला येणाऱ्या गिऱ्हाइकाकडे मी साप निघाल्यासारखं बघायला लागलो.

याच्या अगदी उलट म्हणजे पालीचे मोरेश्वर नाखवा. सोन्यासारखा माणूस. वाऱ्याचा वास घेऊन उद्याचा समुद्र सांगेल, पाण्याच्या रंगावरून मासळी सांगेल. पण इंजिनाचं झाकण त्याने बावीस वर्षांत एकदाही स्वतः उचललं नव्हतं. चावी फिरवायची आणि देवाला हात जोडायचे. मी काही समजवायला गेलो तर हात झटकून म्हणायचा, “मेस्त्री, तुमी हाव ना? मग मना कशाला डोक्याला ताप?” असा विश्वास कुणी टाकला की मेकॅनिकची छाती फुगते. माझीही फुगायची.

आणि याच नाखव्याच्या घरात वंदनावहिनी होत्या, म्हणजे त्याची बायको. सकाळी मासळी विकून टोपली रिकामी झाली की बाई थेट बंदरावर. मी इंजिनाच्या खोलीत वाकलेला, आणि वरून प्रश्न सुरू. “मेस्त्री, ही नळी कुटं जाते?” “मेस्त्री, ह्यो नट सैल केलाव तर काय व्हईल?” मी म्हणायचो, “वहिनी, तुम्हाला काय करायचंय? मी आहे ना.” त्या म्हणायच्या, “तुमी भायंदरला हाव. बोट असते पाण्यात.”

मग मी रागारागाने सांगायचो, मुद्दाम भरभर, म्हणजे बाई कंटाळून जातील. त्या कंटाळल्या नाहीत. एके दिवशी झाकण उघडलं तर काय, हवा काढायच्या स्क्रूंवर लालभडक ठिपके! पहिल्यावर एक, दुसऱ्यावर दोन, तिसऱ्यावर तीन. लेकीची नेलपॉलिश आणून बाईंनी क्रम लावला होता. मी भडकलो. म्हटलं, “वहिनी, माझ्या इंजिनाला मेकअप कशाला?” त्या शांतपणे म्हणाल्या, “इंजिन माजा हाय, मेस्त्री.” बाजूच्या बोटीवरचे खलाशी खदाखदा हसले. मी पुढे आठवडाभर धुमसत होतो.

आता मुख्य गोष्ट.

तीन वर्षांपूर्वीचा ऑगस्ट. मासेमारी नुकतीच सुरू झालेली, समुद्र अजून पुरता बसलेला नव्हता. दुपारी तीनच्या सुमाराला मी पालीच्या बंदरात चिखलात बसलेल्या दुसऱ्या एका बोटीचा पंखा बघत होतो. ओहोटी होती, त्यामुळे सगळ्याच बोटी चिखलात टेकलेल्या. तेवढ्यात वंदनावहिनी धावत आल्या, कानाला फोन.

“मेस्त्री, यांचा इंजिन बंद पडला. तिकडं बगा.”

त्यांनी हात केला तिकडे पाहिलं. नाखव्याची बोट घराकडे परतत होती ती दीड-दोन किलोमीटरवर अडकली होती. वारा पश्चिमेचा, थेट किनाऱ्याकडे. आणि बोट आणि किनारा यांच्यामध्ये ओहोटीने उघडी पडलेली खडकांची रांग. लाटा त्यावर फुटत होत्या, तो पांढरा फेस इथून दिसत होता. बोटीवर नाखवा आणि तीन खलाशी.

मी फोन घेऊन स्पीकरवर टाकला. “नाखवा, नांगर टाकलाय का?”

“टाकलाय, पन धरत न्हाय. खाली कातळ हाय, घसरतोय.”

“डिझेल?”

“अर्धी टाकी हाय. आचके देला, देला नि मेला. चार येला सेल्फ मारला.”

“आता मारू नका. बॅटरी उतरेल.”

एव्हाना आजूबाजूला माणसं जमली होती. कुणीतरी वायरलेसवरून बाहेरच्या दोन बोटींना सांगितलं होतं, पण त्या तासाभराच्या अंतरावर. इथल्या बोटी भरती आल्याशिवाय हलणार नव्हत्या. सगळे माझ्याकडे बघत होते. माझ्या खांद्याला पान्यांची पिशवी, तीस-पस्तीस वर्षांचा अनुभव, आणि मध्ये दीड किलोमीटर पाणी. इतका निकामी मी आयुष्यात कधी झालो नव्हतो.

मी डोकं चालवलं. टाकीत डिझेल आहे आणि इंजिनाला पोचत नाही, म्हणजे टाकीतून डिझेल खेचणारा पंप गेला. मी तसं जाहीर केलं. पंपातला पडदा फाटला असेल तर समुद्रात इलाज नाही, ओढून आणायलाच पाहिजे. माझं बोलणं ऐकून एक म्हातारी डोक्याला हात लावून खाली बसली.

“पंप न्हाय गेला,” वंदनावहिनी म्हणाल्या.

मी म्हटलं, “वहिनी, ही वेळ नाही.”

“बुधवारी तुमी टाकीजवलचा फिल्टर बदललाव. तवा तांब्याचे वायसर जुनेच लावलेव. ते लाल न्हाय केलेव.”

हे जरा समजावून सांगतो. नळी जिथे फिल्टरला जोडतात तिथे बोल्टच्या दोन्ही बाजूंना तांब्याचे पातळ वॉशर असतात. एकदा आवळले की ते दाबून कडक होतात. नवे लावावेत हे उत्तम. पण आमच्यात रिवाज आहे, जुना वॉशर विस्तवावर लाल करून पाण्यात टाकायचा. तांबं परत मऊ होतं आणि नव्यासारखं बसतं. हे मी त्याच बाईंना रागारागाने, भरभर शिकवलं होतं. आणि बुधवारी पेणकरपाड्याच्या चेअरमनसाहेबांचे चार फोन आले म्हणून मी घाईत तो वॉशर तसाच लावला होता. टाकी आणि पंप यांच्यामधल्या नळीत पंप डिझेल खेचत असतो, त्यामुळे तिथे फट राहिली तर डिझेल बाहेर गळत नाही, हवा आत शिरते. बाहेरून काही दिसत नाही. मलाही दिसलं नव्हतं.

पहिला आला तो राग. वीस माणसांसमोर मासळी विकणारी बाई मला माझं काम सांगतेय. पण दुसऱ्या क्षणी मला तो वॉशर डोळ्यांसमोर दिसला, त्याच्यावरच्या जुन्या आवळल्याच्या कडेसकट. त्या बोटीवर चार माणसं होती आणि ती माझ्या हातामुळे तिथे होती.

“बरोबर बोलताय,” मी म्हटलं. “नाखवा, बोटीवर साबण आहे का? अंगाचा, कपड्याचा, कसलाही.”

“हाय.”

डिझेलमध्ये साबण विरघळत नाही. ओला करून मळला की खिडकीच्या काचेला लांबी भरावी तसा फटीत बसतो. हे मला ठाऊक होतं. पण पुढे मी अडलो. नाखव्याला फिल्टर कुठला हेच माहीत नव्हतं! मी सांगतोय, “टाकीकडून येणाऱ्या नळीवर, बँजो बोल्ट...” आणि तिकडून नाखवा, “कनचा? मेस्त्री, हितं शंभर बोल्ट हायेत!” बावीस वर्षं मी त्याचा विश्वास मिरवला होता, त्याचं फळ हे.

वहिनींनी माझ्या हातातून फोन घेतला.

“ऐका. झाकन उगडा. टाकीशी उबे र्‍हावा. उजव्या हाताला डब्यासारका हाय, त्याच्यावर मी ‘फ’ लिवलाय. दिसला?”

“दिसला.”

“त्याच्या डोक्यावर नळी येते तो बोल्ट. बोल्टच्या वर नि खाली साबन दाबून भरा. वर फडका बांदा घट्ट.”

आम्ही वाट बघत होतो. बोट दर मिनिटाला खडकांकडे सरकत होती. दोन खलाशी हातात लांब बांबू घेऊन उभे राहिलेले दिसत होते, बोट खडकाला लागली तर ढकलायला. त्या लाटांपुढे बांबूचा काय पाड?

“बांदला,” नाखवा म्हणाला.

“आता पेटीत निळ्या फडक्यात पाना गुंडालून ठेवलाय. तो घ्या. लाल ठिपके दिसतान? पयला एक ठिपक्याचा. अर्धा फेरा सैल. हातपंप मारा. फेस येईल, येऊ द्या. साफ डिझेल आला का आवला. मग दोन ठिपक्यांचा. मग तीन.”

मी फक्त एकदा मध्ये बोललो. “नाखवा, घाई करू नका. शेवटचा बुडबुडा जाईपर्यंत आवळू नका.” बाकी सगळं त्या बाईंनी केलं. डोळ्यांवर पदर नाही, रडं नाही, आवाजात कंप नाही. भाव सांगताना जशा बोलतात तशा बोलत होत्या. पण त्यांच्या मोकळ्या हाताची मूठ माझ्या शर्टाच्या बाहीवर होती, आणि ती बाही नंतर खांद्याशी उसवलेली निघाली.

“झाला. सेल्फ मारू?”

वहिनींनी माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली. एक धक्का बसला, इंजिन बोललं, चार आचके दिले आणि गप्प.

“न्हाय व्हायचा,” नाखवा म्हणाला. इतक्या वर्षांत त्याचा असा आवाज मी ऐकला नव्हता. “वंदना, बॅटरी मरायला टेकली हाय. येकदाच लागंल.”

“तिसरा ठिपका घाईत आवललाव तुमी,” त्या म्हणाल्या. “मना म्हाईत हाय तुमची घाई. जेवताना पन तसाच करताव. परत सोडा. मी सांगेपर्यंत आवलायचा न्हाय. काय दिसतं ते बोलत र्‍हावा.”

आणि वीस माणसं श्वास धरून ऐकत होती, “फेस... फेस... जरा कमी... येक बुडबुडा... आता साफ.”

“अजून दहा येला मारा.”

मी मनात मोजले. पाच, सहा, सात. खडकावर एक मोठी लाट फुटली आणि बोट पलीकडे दिसेनाशी झाली. परत वर आली.

“आवला. मारा.”

फोनमध्ये नुसता वारा घोंघावत होता, आणि इंजिनाचा आवाज एवढ्या लांबून आमच्यापर्यंत यायला वेळ लागला. आधी दिसला धूर. पांढरा पुंजका, मग काळा, मग सरळ निळसर रेघ. आणि त्यामागून तो आवाज, सहा सिलिंडरांचा, एकसारखा. बोटीचं नाक हळूहळू फिरलं आणि तिने खडकांकडे पाठ केली. बंदरावर असा जल्लोष झाला की गोविंदांनी शेवटची हंडी फोडावी! मघाची म्हातारी उठून मला मिठी मारायला आली, मी तिला वहिनींकडे वळवलं. मी रडलो हे सांगायला लाज वाटत नाही. वहिनी मात्र फोनवर ओरडत होत्या, “आता भायेर र्‍हावा, भरती आल्याबिगर आत शिरू नका!”

भरतीबरोबर बोट आली. नाखवा उतरला तो सरळ माझे पाय धरायला. तेव्हा मी बोललो, सगळ्यांसमोर, कारण नंतर बोलायची हिंमत झाली नसती. “नाखवा, पाय धरू नका. चूक माझी होती. वॉशर मी तसाच लावला.”

मग वहिनी म्हणाल्या, “अर्दी चूक तुमची. मी उबी र्‍हाऊन बगितला नि बोलले न्हाय. मना वाटला, मेस्त्री हाव, तुमाला ठावकी असंल.”

या वाक्याने मला झोप लागू दिली नाही. बाईंनी सगळं शिकून घेतलं होतं आणि तरी ऐन वेळी गप्प राहिल्या, कारण मी त्यांना आयुष्यभर ‘मी आहे ना’ म्हणत गप्प बसवत आलो होतो. शिकणाऱ्याला आपण विचारायची मुभा दिली नाही तर त्याचं शिकणं फुकट जातं. आणि आपल्याला टोकणारं कुणी उरलं नाही की कसलेला हातही चुकतो, हे मला या वयात, भर बंदरावर कळलं. चेअरमनसाहेबांचा गुन्हा शिकण्याचा नव्हता, न विचारता सील तोडण्याचा होता. दोन्हीतला फरक मी सोयीने विसरलो होतो.

त्याच आठवड्यात मी नवे वॉशर घेऊन पालीला गेलो. वहिनींनी अट घातली. “तुमी बसायचा नि सांगायचा. हात यांचे.” मला मासळीच्या क्रेटवर बसवलं. मोरेश्वर नाखवा आयुष्यात पहिल्यांदा पाना घेऊन इंजिनाच्या खोलीत उतरला. घामाघूम झाला, दोनदा बोटं सोलून घेतली, बायकोचं बोलणं खाल्लं. वहिनींनी मला टोकलं, “मेस्त्री, नवा वायसर हाय तरी बाजू बगून लावायचा का?” मी म्हटलं, “विचारलंत ते बरं केलंत. नाही, दोन्ही बाजू सारख्याच.” हवा काढली. इंजिन पहिल्या धक्क्याला लागलं.

मी उठलो, पिशवी उचलली. नाखवा अजून खालीच होता, इंजिनाजवळ वाकलेला. त्याने मला हाताने थांबवलं.

“मेस्त्री, ह्यो टिकटिक कसला?”

मला काहीच ऐकू आलं नाही. मी खाली उतरलो. आम्ही करतो तसा लांब स्क्रू-ड्रायव्हर इंजिनाच्या डोक्यावर टेकवला, मूठ कानाला लावली आणि एकेक सिलिंडर तपासत गेलो. पहिला ठीक. दुसरा ठीक. तिसऱ्यावर ती टिकटिक होती, बारीक, महिन्याभरात मोठी होणारी. सिलिंडरची झडप हलवणारा एक टॅपेट सैल झाला होता. ती टिकटिक मी फिल्टर बदलला तेव्हाच ऐकायला हवी होती.

मी स्क्रू-ड्रायव्हर नाखव्याच्या हातात दिला. त्याने मूठ कानाला लावली, डोळे मिटले, आणि वाऱ्याचा वास घेताना जसा चेहरा करायचा तसा चेहरा केला. बावीस वर्षांत त्याने मला इंजिनाबद्दल स्वतःहून विचारलेला तो पहिला प्रश्न होता, आणि त्याचं उत्तर त्याला माझ्या आधी ऐकू आलं होतं.